एपॉक्सी म्हणून पॉलिएस्टर, ३१६ म्हणून २०२: होडीच्या टपाचं किट मागवणाऱ्यांनो, आधी हे वाचा

१,०२,६०० रुपये. रक्कम आधीच लिहून टाकतो, कारण ज्याच्या-ज्याच्यासमोर तक्रार घेऊन उभा राहिलो त्याने पहिला प्रश्न तोच विचारला आणि आकडा ऐकून ‘एवढंच ना’ असं तोंड केलं. माझ्यासाठी ते एवढंच नाही. आणि प्रश्न नुसत्या पैशांचाही नाही. या माणसाने जे सामान विकलं, त्याचं छप्पर करून मी माझ्या १८ फुटी होडीवर, माझ्या मुलाच्या डोक्यावर बसवलं होतं.

होडीला आधी कापडी टप होता. फाटायचा, फडफडायचा, उन्हाने कुजायचा. म्हणून हार्ड टॉप, म्हणजे कडक टप, घरीच करायचा ठरवला. पद्धत नवी नाही: मधे हलका पीव्हीसी फोम, वर-खाली काचेचं कापड आणि एपॉक्सी रेझिन (हार्डनर मिसळला की कडक होणारं द्रव), खाली स्टेनलेस पाइपची चौकट. माप ८ बाय ५ फूट, मधोमध थोडा फुगवटा, कडेने पन्हळ. हे सगळं सामान सुटं गोळा करायचं म्हणजे फोम एकीकडे, रेझिन दुसरीकडे, पाइप तिसरीकडे. अशात एकाच ठिकाणी ‘संपूर्ण मरीन किट’ मिळतंय म्हटल्यावर कोणीही तिकडेच गेला असता. विक्रेत्याच्या व्हिडिओत तो फोमचं अख्खं शीट एका हाताने डोक्यावर धरून उभा होता.

हिशोब असा. १२ मिमी फोमची दोन शीट १९,६०० रुपये. एपॉक्सी हार्डनरसह २० किलो २३,००० रुपये. काचेचं कापड ७,२०० रुपये. खाऱ्या हवेत टिकणाऱ्या ३१६ ग्रेडचा स्टेनलेस पाइप आणि जोड ३१,५०० रुपये. वाहतूक २,८०० रुपये. एकूण ८४,१०० रुपये. त्यातले ५०,००० आगाऊ आणि ३४,१०० माल निघण्याआधी. बिलावर जीएसटी क्रमांक होता, शिक्का होता. तो क्रमांक जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की नोंदणी कोणाच्या नावावर आहे ते दिसतं. तिथे भलत्याच धंद्याचं भलतंच नाव निघालं, पण हे मी पाहिलं ते सगळं झाल्यावर. पैसे ज्या खात्यात गेले ते तर तिसऱ्याच माणसाचं बचत खातं होतं. फर्मच्या नावाचं खातं नसेल तर एक रुपयाही पाठवू नका, मग समोरचा ‘चालू खात्याचं काम सुरू आहे’ म्हणो की आणखी काही.

माल आला तेव्हा टेंपोतून शीट उतरवायला दोघं लागलो. आता हे आठवलं की हात शिवशिवतात. होड्यांसाठी वापरतात तो पीव्हीसी फोम घनमीटरला ८० किलोच्या आसपास असतो. ८ बाय ४ फुटांचं १२ मिमी शीट त्या हिशोबाने तीन किलोसुद्धा भरत नाही. माझं एक शीट नंतर काट्यावर ठेवलं तर १९ किलो ६०० ग्रॅम. म्हणजे तो दुकानांच्या पाट्यांसाठी वापरतात तो बोर्ड होता. तोही पीव्हीसीच, पांढराच, म्हणून बिलावरचा शब्द खोटा ठरत नाही, ही त्याची चलाखी. पण उतरवताना शीट पुठ्ठ्यात आणि लाकडी पट्ट्यांच्या चौकटीत ठोकून आली होती, दोन्ही एकत्र. सगळ्याचं मिळून वजन किती असावं हे कोण टेंपोपाशी उभं राहून ताडणार? फोन केला तर म्हणाला, ‘साहेब, हाय-डेन्सिटी आहे, तुम्हाला मुद्दाम वरचा ग्रेड दिलाय.’

तरीही शीटचं एक वेळ सोडा. ज्या क्षणी सगळा खोटेपणा माझ्यासमोर उघडा पडला होता तो क्षण दुसराच, आणि तो मी रोज आठवतो.

टपाच्या कडेला गोल आकार आणि पन्हळ हवी होती. त्यासाठी थर्माकोलच्या पट्ट्या घासून, आकार देऊन कडेला चिकटवल्या होत्या. एपॉक्सीबरोबर असं करता येतं, कारण एपॉक्सी थर्माकोलला खात नाही. पॉलिएस्टर, म्हणजे फायबरच्या टाक्यांना वापरतात ते रेझिन, खातं. पॉलिएस्टर रेझिनमध्ये स्टायरिन असतं आणि स्टायरिन लागलं की थर्माकोल विरघळतो. हे मला माहीत होतं. कापड अंथरलं, रेझिन ब्रशने मारलं, आणि कडेचा आकार डोळ्यांदेखत बसायला लागला. दाबलं तर आत पोकळ. कापड सुरकुतत खाली गेलं. गॅरेजभर तो उग्र, गोडसर वास, फायबरच्या टाक्या बनवतात तिथे येतो तोच.

मी तिथेच ब्रश ठेवून फोन लावला. तो जराही अडखळला नाही. म्हणाला, ‘साहेब, मिक्स जास्त केलंत का? एपॉक्सी गरम होतं. उष्णतेने थर्माकोल बसला. थोडं-थोडं कालवा.’

आणि हे उत्तर खरं असू शकतं, इथेच त्याने मला मारलं. एपॉक्सी भांड्यात जास्त कालवून ठेवलं तर खरंच तापतं, धूर येण्याइतकं तापतं, आणि तेवढ्या उष्णतेने थर्माकोल वितळतोही. ज्याला काहीच माहीत नाही त्याला तो असं उत्तर देऊ शकला नसता. मला थोडं माहीत होतं, आणि त्या थोड्यावरच त्याने बोट ठेवलं. डब्यावर ठळक अक्षरांत ‘मरीन एपॉक्सी’ लिहिलेलं, हातात ८४,१०० चं बिल, कापड अर्धं ओलं, रेझिन घट्ट होत चाललेलं. अशा वेळी माणूस काम पुरं करतो. मीही केलं.

रेझिन गुलाबीसर होतं. हार्डनरची बाटली एवढीशी, शंभर ग्रॅमला दोन ग्रॅम टाका म्हणून चिठ्ठी. ही चिठ्ठी ज्यांच्याकडे आली असेल त्यांनी डबा उघडूच नका. एपॉक्सीचं प्रमाण दोनास एक, तीनास एक, पाचास एक असं असतं, कारण हार्डनर त्या रसायनाचा अर्धा जोडीदारच असतो. टक्का-दोन टक्क्यांत काम करतो तो पॉलिएस्टरचा उत्प्रेरक, एमईकेपी. गुलाबी रंग बहुधा आधीच मिसळलेल्या कोबाल्टचा, तो पॉलिएस्टर लवकर घट्ट व्हावं म्हणून घालतात. ‘ऊन असेल तर हार्डनर कमी टाका, सावलीत जास्त’ असंही तो म्हणाला होता. हा सल्ला पॉलिएस्टरचा. एपॉक्सीत प्रमाण हलवलं तर माल कायमचा मऊ राहतो. विकणारा हे वाक्य बोलला की फोन ठेवा.

आणि एमईकेपी डोळ्यात गेलं तर दृष्टी जाऊ शकते. त्या बाटलीवर धोक्याची एक खूण नव्हती. मी ती चष्मा न लावता हाताळत होतो, माझा मुलगा बाजूला मोजमाप लिहीत होता. पैशांचं काय व्हायचं ते होवो, हे मी त्या माणसाला माफ करणार नाही.

पुढे पृष्ठभाग चिकट राहिला. बोट लावलं की ठसा. तो म्हणाला, ‘अमाइन ब्लश आहे, पाण्याने धुवा, घासणीने घासा.’ पुन्हा तीच तऱ्हा, अर्धं खरं. एपॉक्सीवर असा मेणचट थर येतो आणि तो पाण्याने जातो. पॉलिएस्टर हवेच्या संपर्कात वरून चिकटच राहतं, मेण मिसळलेला शेवटचा कोट दिल्याशिवाय. त्याला पाण्याचं काय! धुतलं, घासलं, वाळवलं, चिकट ते चिकटच. मग त्याने उपाय सुचवला: खास सीलर कोट आणि त्यावर टू-पॅक पॉलियुरेथेन पेंट, वर लावून द्यायला त्याचा माणूस. १८,५०० रुपये. टप होडीशेजारी उलटा पडलेला, चिकट, त्यावर धूळ बसत चाललेली. पैसे पाठवले. सीलर आला नाही, पेंट आला नाही, माणूस आला नाही. आधी ‘गाडी निघाली’, मग ‘घरात आजारपण आहे’, मग फोन बंद.

मी बाजारातून मेणाचं रेझिन आणून वरचा थर कसाबसा वाळवला, पुट्टी भरली, घासला, साधा पेंट मारला आणि टप चढवला. हिशोबाने तो २६ किलोच्या आत यायला हवा होता. निघाला ५१ किलो. एवढं वजन डेकपासून सहा फुटांवर गेलं की होडीचा गुरुत्वमध्य वर सरकतो. होडी कलली की सावकाश सरळ होते, आणि दोघं एका बाजूला आले तर आणखी कलते. खाडीच्या तोंडाशी बाजूने लाट आली तेव्हा ती ज्या आळसाने परत उभी राहिली ते पाहून मी तिथूनच माघारी वळवली. त्यानंतर टप उतरवला.

पाइपचं तोवर व्हायचं ते झालंच होतं. वेल्डपाशी तपकिरी डाग, मग बोटाला लागणारा गंज. विकताना त्याने व्हिडिओ कॉलवर मॅग्नेट लावून दाखवलं होतं, ‘बघा, चिकटत नाही.’ मॅग्नेटला भुलू नका. ३०४ या नेहमीच्या ग्रेडला चिकटत नाही, २०२ या स्वस्त ग्रेडलाही जवळपास चिकटत नाही. ३१६ ची ओळख मॉलिब्डेनम, दोन ते तीन टक्के. खाऱ्या हवेत ३१६ टिकतं ते त्याच्यामुळे. मॉलिब्डेनम दाखवणारी थेंबाची चाचणी मिळते, आणि मोठ्या भंगारवाल्यांकडे धातू तपासायची गन असते. माझ्या पाइपमध्ये मॉलिब्डेनम नावाला नाही, निकेल कमी, मँगनीज भरपूर. म्हणजे २०२. स्वयंपाकघरातल्या रॅकला लावतात ते, आणि मी ३१,५०० मोजले.

एका जुन्या फायबरवाल्या काकांना कापलेला तुकडा दाखवला. त्यांनी घासून नाकाशी नेला आणि म्हणाले, ‘भाऊ, हे जनरल पर्पज आहे. टाक्यांचं.’ म्हणजे साधं पॉलिएस्टर, आणि तेही नुसत्या वासावरून ओळखलं.

आता तक्रारीचं ऐका. ऑनलाइन फसवणुकीच्या हेल्पलाइनवर विचारलं, ‘सामान मिळालं का?’ मिळालं म्हटल्यावर ‘मग हा व्यवहाराचा वाद आहे.’ १८,५०० चं तर काहीच मिळालं नव्हतं, हे सांगायच्या आत कॉल संपला. बँक म्हणाली पिन तुम्हीच टाकलात. पोलीस ठाण्यात पहिल्यांदा सांगितलं विक्रेता आमच्या हद्दीत नाही, तिकडे जा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द कोणाचीही असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती घ्यावी लागते, हे छापून नेलं. मग सूर बदलला: दिवाणी बाब आहे. साहेब बंदोबस्ताला गेलेत. कागद ठेवून जा. कागदाची पोच मागितली तर ‘विश्वास नाही का?’ एकाने तर विचारलं, होडीला छप्पर कशाला लागतं. बनावट जीएसटी क्रमांक, दुसऱ्याचं खातं, एका रसायनाच्या नावाने दुसरं रसायन, याला जर फसवणूक म्हणत नसतील तर भारतीय न्याय संहितेतलं फसवणुकीचं कलम ३१८ कोणासाठी लिहिलंय? माझा अर्ज अजूनही अर्जच आहे, गुन्हा नाही. ग्राहकांच्या मदत केंद्राने विक्रेत्याला संदेश पाठवला, त्याने उत्तर दिलं नाही, आणि उत्तर न आल्याने माझी तक्रार ‘निकाली’ काढली. उत्तर न देणाऱ्याचा फायदा! मी चिडलो तर समोरची बाई म्हणाली, आवाज खाली ठेवा.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार घातली आहे. आपण राहतो तिथल्याच आयोगात घालता येते, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत २ वर्षांची. टपाचे कापलेले तुकडे, डबे, ती हार्डनरची बाटली आणि चिठ्ठी सगळं जपून ठेवलंय, कारण आयोग माल प्रयोगशाळेत पाठवू शकतो. चिडून डबे फेकून देऊ नका. फोनवरचं बोलणं संदेशातही लिहून घ्या. त्याचा ‘उष्णतेने बसला’ हा संदेश आज माझ्याकडे आहे म्हणून बरं.

असं किट ज्यांच्या घरी येऊन पडलंय आणि अजून कापडाला रेझिन लागलेलं नाही, त्यांनी आजच शीट काट्यावर ठेवा, पाइपचा तुकडा तपासून आणा, आणि चमचाभर रेझिन, हार्डनर न मिसळता, थर्माकोलच्या तुकड्यावर ओता. हार्डनर नाही म्हणजे उष्णतेची सबब नाही. थर्माकोल विरघळला तर त्याचा व्हिडिओ काढा, डबा बंद करा आणि त्याच दिवशी लेखी तक्रार द्या, पोच घेऊनच उठा. विक्रेता दुरुस्तीसाठी आणखी पैसे मागेल. देऊ नका.