यकृताच्या बायोप्सीसाठी बायोटिनविरहित पॉलिमर किट : माझा अनुभव

यकृताचं आयएचसी (अँटिबॉडी लावून टिश्यूतलं ठरावीक प्रथिन रंगाने दाखवण्याची पद्धत) करायचं असेल आणि बजेटमध्ये एकच वस्तू महागातली घेता येणार असेल, तर ती डिटेक्शन किट, म्हणजे चिकटलेली अँटिबॉडी रंगाने दाखवणारी रसायनं, असू द्या, आणि किट पॉलिमरचं घ्या. मी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या हिस्टोपॅथॉलॉजी विभागात तंत्रज्ञ आहे. आमच्या रेसिडेंट मॅडमच्या थिसिससाठी हे किट मागवलं होतं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण एकाच धर्तीची किटं अनेक जण विकतात आणि मला बोलायचंय ते त्या धर्तीबद्दल.

थिसिसचा विषय आहे जुनाट हिपॅटायटिस बी, सी आणि सिरोसिसमध्ये डीएनए दुरुस्त करणारी प्रथिनं किती दिसतात. यादीत केयू८०, पीसीएनए आणि एपीई१. सोबत गॅमा-एच२एएक्स, ते दुरुस्ती करणारं नव्हे, डीएनएचे दोन्ही धागे तुटल्याची खूण सांगणारं, १९९८ साली सापडलेलं. विषय मला मनापासून आवडला. वर्षानुवर्षं सूज राहिली की पेशीतला डीएनए ऑक्सिडेशनने खराब होत राहतो. बी विषाणूचा डीएनए तर अशा तुटलेल्या जागी पेशीच्या डीएनएत घुसून बसतो. सी विषाणू आरएनएचा, तो आत शिरत नाही, तरी त्याच्या सुजेने नुकसान होतंच. अशा यकृतात दुरुस्तीची प्रथिनं वाढतात की कमी पडतात, हे मॅडम माझ्या स्लाइडवरची तपकिरी केंद्रकं मोजून ठरवणार. तो तपकिरी रंग खोटा निघाला तर पुढचं सगळंच खोटं.

आणि यकृतात खोटा रंग फार सहज येतो. या अवयवात मुळातच बायोटिन (एक ब जीवनसत्त्व) भरपूर असतं. जुन्या पद्धतीच्या किटमध्ये रंग आणणारी साखळी बायोटिन आणि त्याला घट्ट चिकटणारं प्रथिन स्ट्रेप्टाव्हिडिन यांच्या जोडीवर चालते, म्हणजे स्ट्रेप्टाव्हिडिन पेशीच्या स्वतःच्या बायोटिनलाही जाऊन चिकटतं. त्यात अँटिजन रिट्रीव्हलसाठी, म्हणजे फॉर्मॅलिनने झाकलं गेलेलं प्रथिन पुन्हा उघडं करायला, आपण सेक्शन (टिश्यूचा पातळ काप) प्रेशर कुकरमध्ये तापवतो, त्याने दडलेलं बायोटिन आणखीच उघडं पडतं. मग सायटोप्लाझमभर, म्हणजे केंद्रकाबाहेरच्या भागात, दाणेदार तपकिरी. एपीई१ सायटोप्लाझममध्येही दिसू शकतं, त्यामुळे खरं कोणतं आणि बॅकग्राउंड कोणतं, हे सांगणं अशक्य होऊन बसतं. बायोटिन ब्लॉक करता येतं, पण पायऱ्या वाढतात आणि बायोटिनने गच्च भरलेल्या यकृतात तो ब्लॉक दर वेळी पुरतोच असं नाही.

पॉलिमर किटमध्ये बायोटिनचा संबंधच नाही. दुसरी अँटिबॉडी आणि एन्झाइम एकाच साखळीवर बसवलेले असतात. निगेटिव्ह कंट्रोलची स्लाइड, म्हणजे पहिली अँटिबॉडी न घातलेली, स्वच्छ निळी आली तेव्हा फार समाधान वाटलं. टॉन्सिलच्या पॉझिटिव्ह कंट्रोलवर पीसीएनए जर्मिनल सेंटरमध्ये (जिथे पेशी झपाट्याने वाढतात) गडद आणि नेमकं केंद्रकात होतं. पायऱ्या कमी असल्याने धुणंही कमी होतं. सिरोसिसच्या सेक्शनला याचा मोठा फायदा. मधले तंतूंचे पट्टे आणि गाठी यांचा ताण वेगवेगळा असल्याने सेक्शन काचेवरून सुटायला बघतं. स्लाइड मात्र चार्ज्ड (टिश्यू धरून ठेवायला विद्युतभार दिलेली) घ्या. साध्या काचेवर कुकरनंतर टिश्यू टिकत नाही, मग किट कितीही चांगलं असो.

सगळ्यावर मात्र हे औषध नाही. लिपोफसिन (पेशीत साठत जाणारं रंगद्रव्य) तपकिरी, पित्त हिरवट-तपकिरी, लोह सोनेरी-तपकिरी, आणि किटमधलं रंग आणणारं रसायन, डॅब, तेही तपकिरीच. म्हणून निगेटिव्ह कंट्रोल प्रत्येक रुग्णाच्या स्वतःच्या ब्लॉकमधून काढा. एकाच रुग्णाचा कंट्रोल सगळ्यांना लावून चालत नाही. पित्त साठलेल्या ब्लॉकसाठी लाल क्रोमोजेन (डॅबऐवजी लाल रंग देणारं रसायन) बरं, पण आमच्या बॉक्समध्ये ते नव्हतं, वेगळं मागवावं लागलं. ही मला खरीच उणीव वाटते. गॅमा-एच२एएक्स हे फॉस्फेट लागलेलं प्रथिन. बायोप्सी ताबडतोब फॉर्मॅलिनमध्ये पडली नसेल तर ते टिकत नाही, आणि तो दोष किट भरून काढू शकत नाही.

किंमत जास्त आहे, हे मान्य. तरी सुईने काढलेला यकृताचा तुकडा असतो केवढा? जेमतेम दीड-दोन सेंटिमीटर लांब, धाग्याएवढा. त्यातून एचई, ट्रायक्रोम, रेटिक्युलिन या निदानाच्या नेहमीच्या रंगांसाठी काप काढल्यावर ब्लॉकमध्ये थोडंच उरतं. एक रन बिघडला की टिश्यू गेला. नुसत्या थिसिससाठी त्या माणसाच्या बरगड्यांमध्ये पुन्हा सुई घालायला कोणी सांगणार नाही, सांगूही नये. स्वस्त किटच्या हिशेबात हा खर्च कोणी धरत नाही, याचा मला मनापासून राग येतो.

पुरवठ्याचा अनुभव मात्र वाईट. २ ते ८ अंशांत ठेवायच्या बाटल्या पुरवठादाराने वितळलेल्या बर्फाच्या पाकिटांसोबत पाठवल्या. आम्ही परत केल्या, बदलून मिळाल्या, पण काम खोळंबलं. पेटी उघडल्या उघडल्या तापमान बघा आणि तिथेच लिहून घ्या. डॅब वापरायच्या वेळीच मिसळा, हातमोजे घालूनच. आणि ऑर्डर देण्याआधी छोटी बाटली मिळते का ते विचारा. एका थिसिसचं काम त्यात सहसा भागतं, आणि मोठी बाटली मुदत संपून फ्रिजमध्ये पडून राहत नाही.