९८००एक्स३डी घेतलाय, आता बोर्ड ए६२० की बी६५०?

प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डात बजेट संपलं की कात्री मदरबोर्डावर चालते. एएमडीचा रायझन ७ ९८००एक्स३डी हा प्रोसेसर घेणाऱ्याने ती खुशाल चालवावी, फक्त कुठे चालवायची हे बघून.

गेममध्ये या चिपचा खरा जोर ९६ एमबी एल३ कॅशचा, म्हणजे प्रोसेसरमधल्याच वेगवान मेमरीचा. महाग बोर्ड घेऊन तो वाढत नाही. ए६२० आणि बी६५० ही बोर्डावरच्या चिपसेटची नावं. ए६२० असो की बी६५०, प्रोसेसर बसतो तो सॉकेट एएम५च, रॅम डीडीआर५च आणि रॅम तिच्या जाहीर वेगाने चालवणारं एक्स्पो प्रोफाइल दोन्हींवर चालतं. ए६२०वर प्रोसेसर ओव्हरक्लॉक करता, म्हणजे ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवता येत नाही. नुसतं गेम खेळणाऱ्याला त्याचं दुःख नको. ग्राफिक्सचा स्लॉट तिथे पीसीआयई ४.०चा असतो, तोही पुरतो.

खरा फरक सॉकेटच्या शेजारी दिसतो. प्रोसेसरला वीज पुरवणारा व्हीआरएम तिथे असतो. स्वस्तातल्या ए६२० बोर्डांवर बऱ्याचदा त्यावर उष्णता बाहेर टाकणारा धातूचा हीटसिंक नसतो, त्याचे काळे चौकोनी भाग (मॉस्फेट) उघडेच दिसतात. ए६२० मुळात ६५ वॉटच्या प्रोसेसरांसाठी आखलेला, आणि ही चिप १२० वॉटची. पूर्ण भारावर ती १६२ वॉटपर्यंत ओढू शकते. गेममध्ये ती सहसा तिथवर जात नाही, म्हणून ए६२०वरही खेळ सुरळीत चालतो. पण तासभर व्हिडिओ रेंडर लावलात, त्यात नागपूर-अकोल्याचा मे महिना आणि खोलीत एसी नाही, तर उघडा व्हीआरएम तापतो आणि बोर्ड स्वतःच प्रोसेसरचा वेग उतरवतो. इतका महाग प्रोसेसर घेऊन ही वेळ का आणायची?

म्हणून माझं मत बी६५०कडे झुकतं. पण कुठलाही बी६५० नको. व्हीआरएमवर जाड हीटसिंक हवा आणि मागच्या बाजूला बायोस (बोर्डाचं स्वतःचं सॉफ्टवेअर) अपडेट करणारं बायोस फ्लॅशबॅकचं बटण हवं. या बटणाला मी फार मानतो. बी६५० बोर्ड २०२२पासून बाजारात आहेत, ९८००एक्स३डी आला नोव्हेंबर २०२४मध्ये. दुकानात पडून राहिलेल्या बोर्डाचा बायोस जुना असला तर तो या चिपला ओळखतच नाही. बटण असलं की पेन ड्राइव्हवर फाइल घ्यायची, बोर्डाला पॉवर सप्लाय जोडायचा, बटण दाबायचं. प्रोसेसर बसवलेला नसतानाही बायोस अपडेट होतो. बटण नसेल तर पैसे देण्याआधी दुकानदाराकडूनच अपडेट करून घ्या.

बी६५०नंतर आलेला बी८५० बी६५०च्याच भावात मिळाला तर तो घ्या. जास्तीचे पैसे मात्र मोजू नका, गेममध्ये फरक जाणवणार नाही. उरलेल्या पैशांत रॅमच्या १६ जीबीच्या दोन ६००० स्पीडच्या पट्ट्या बसतात का बघा. चार पट्ट्या भरू नका, डीडीआर५चा वेग खाली येतो.

आणि पहिल्यांदा मशीन चालू केल्यावर पंखे फिरतील, स्क्रीन मात्र काळीच राहील. रॅमचं ट्रेनिंग चालू असतं, म्हणजे बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो, त्याला काही मिनिटं लागतात. घाबरून मध्येच बंद करू नका.