३०० रुपयांची रिव्हर्स रिंग, उलटी ५० एमएम आणि जुन्या एचएमटी: घ्यावी का?

आधी निकाल सांगून टाकतो, घाईत असलेले सुटतील. जुनी घड्याळं घेत-विकत असाल आणि घरात निकॉनचा डीएसएलआर आणि अ‍ॅपर्चर रिंगवाली (भिंगातून उजेड किती येईल ते हातानं ठरवायची कडी असलेली) एखादी जुनी लेन्स पडून असेल तर लेन्स उलटी लावून डायलचा अगदी जवळून फोटो काढायची ही रिंग डोळे झाकून घ्या. नुसते इन्स्टावर झकास फोटो टाकायला घेणार असाल तर राहू दे, पैशापेक्षा डोक्याला ताप जास्त आहे.

वस्तू म्हणजे काय तर अ‍ॅल्युमिनियमची काळी चकती, एका बाजूला निकॉनचं माउंट आणि दुसऱ्या बाजूला ५२ एमएमचे आटे. लेन्सच्या तोंडाला जिथं फिल्टर बसतो तिथं ही फिरवायची आणि लेन्स उलटी करून बॉडीवर चढवायची, म्हणजे लेन्सचा मागचा भाग घड्याळाकडे येतो. ५० एमएम अशी उलटी लावली की साधारण एकास एक मिळतं, म्हणजे डायलवरचा एक मिलिमीटर सेन्सरवर पण एक मिलिमीटरच उतरतो. २८ एमएम लावली तर दुप्पट. जितकी वाइड लेन्स तितकं मोठं दिसतं, सगळा हिशोबच उलटा. निकॉनची स्वतःची रिंग पण येते, बीआर-२ए नावाची, पण मी घेतली ती ऑनलाइनवाली बिननावाची, तीनशेच्या आसपास पडली. खरी मॅक्रो लेन्स (अगदी जवळून मोठं टिपणारी) नवी घ्यायची तर पाच आकडी रक्कम मोजावी लागते, म्हणून हा उद्योग.

आता बनावट. माउंटची बाजू ठीक आहे, जरा टाइट बसते पण हलत नाही. आट्यांची बाजू मात्र भंगार. पहिल्या दीड फेऱ्यात रिंग तिरकी चढली आणि अडकली, जोर लावला असता तर लेन्सचेच आटे गेले असते. पाठवणाऱ्याला फोटो टाकले तर उत्तर आलं की "प्रॉडक्ट ओके आहे सर". मग काय, आपलं बेळगाव आहे, कारखान्यांची वसाहत उद्यमबाग कशाला आहे? ओळखीच्या एका लेथवाल्याकडे नेली, त्यानं बोटानं आटा चाचपला आणि म्हणाला, "बर सोडलीय ओ कडेला, पिच बरोबर हाय की." बर म्हणजे कापताना राहिलेली धातूची खरखरीत कड. फिल्टरच्या आट्याचं पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, ०.७५ एमएम असतं, ते त्यानं गेज लावून बघितलं, सुरुवातीच्या आट्याची कड घासून साफ केली आणि चहाचे पैसे पण घेतले नाहीत. आता लोण्यासारखी फिरते. पण हे सगळ्यांच्या नशिबात नाही, जवळ लेथवाला नसेल तर बीआर-२एच शोधा, सेकंडहँड मिळाली तरी चालेल.

लेन्स कुठली हे रिंगपेक्षा महत्त्वाचं आहे. माझ्याकडे ५० एमएम एफ/१.८ डी आहे, तिच्यावर अ‍ॅपर्चरची कडी आहे, हातानं एफ/८ लावलं की लावलं. नवीन जी टाइप लेन्सना ही कडी नसते, कॅमेऱ्यावरून काढली की पाती बंद होऊन बसतात आणि आत मिट्ट काळोख. मग मागचा तो छोटा लिव्हर कागदाची घडी घालून उघडा धरून ठेवायचा, असला जुगाड करावा लागतो. कॅननवाल्यांचं वेगळं, तिथं अ‍ॅपर्चर विजेवर चालतं, त्यामुळं हवं ते अ‍ॅपर्चर लावून डेप्थ ऑफ फील्डचं बटण दाबून धरायचं आणि तसंच दाबलेलं असताना लेन्स काढायची, म्हणजे ते तिथंच राहतं.

माझी बॉडी डी५३००. लेन्स उलटी लावली की कॅमेऱ्याला वाटतं लेन्सच नाही, स्क्रीनवर एफ आणि पुढे दोन डॅश येतात. मोड एम (मॅन्युअल) वर ठेवा नाहीतर शटर पडतच नाही. उजेड मोजणारा मीटर पण मेला, दोन-तीन फोटो काढून हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) बघत बघत अंदाज घ्यायचा. ऑटोफोकस विसरा. फोकसची कडी फिरवून पण फारसं काही होत नाही, कॅमेरा तरी पुढेमागे करा नाहीतर घड्याळ तरी.

आणि इथंच खरी कसोटी आहे. एकास एक ला एफ/८ वर शार्प पट्टा जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर जाडीचा. डायलवरचं नाव शार्प आलं तर सेकंद काटा पुसट, काटा धरला तर नाव गेलं. अ‍ॅपर्चर एफ/१६ करून बघावं तर एकास एक ला ते प्रत्यक्षात एफ/३२ सारखं वागतं आणि सगळंच दुधाळ होतं. म्हणून एफ/५.६ किंवा एफ/८ वर राहायचं, थोडं थोडं सरकवत बरेच फोटो काढायचे आणि नंतर सॉफ्टवेअरमध्ये स्टॅक करायचे, म्हणजे प्रत्येकातला शार्प भाग जोडून एकच फोटो करायचा. सरकवायला लोक फोकसिंग रेल घेतात, मी ड्रिल मशीनखाली असतो तो क्रॉस स्लाइड व्हाइस वापरतोय, हँडलच्या चकतीवर खुणा कोरलेल्या असतात, एका वेळी पाव-एक मिलिमीटर मोजून सरकवता येतं. वजनाला दगड आहे, टेबल हललं तरी तो हलत नाही.

स्टॅक करताना घड्याळ बंद पाहिजे. माझ्या एचएमटी जनताची चावी ओढली तरी सेकंद काटा पळतच राहतो, म्हणून चावी संपून ते आपोआप थांबेपर्यंत वाट बघायची आणि मग चावी ओढून काटे दहा-दहावर लावायचे. चुकून चावी भरली की परत वाट बघा. मागचं झाकण उघडून मशीनचा फोटो काढायचा असेल तर अजून मजा, बॅलन्स (मागेपुढे डोलणारं चाक) तासाला १८,००० ठोके मारतो, म्हणजे सेकंदाला पाच, फ्लॅशशिवाय तो गोठत नाही. पण गोठला की लाल ज्वेलच्या मधोमध असलेलं पिव्हटचं (चाकाच्या आसाचं) टोक दिसतं, तेवढ्यासाठी सगळं माफ.

हां, पूर्ण घड्याळ फ्रेममध्ये बसवायचं असेल तर ही रिंग नको. डी५३०० चा सेन्सर २३.५ एमएम रुंद आणि घड्याळ पस्तीसच्या आसपास, कसं मावणार? त्यासाठी लेन्स सरळ लावा.

मग उपयोग काय? रीडायल, म्हणजे नव्यानं रंगवून जुनी म्हणून खपवलेली डायल, पकडायला. एचएमटी १९६१ पासून सिटिझनच्या मदतीनं बेंगळूरला बनायला लागली (बाकी विषयांवर काय असेल ते असो, घड्याळाच्या बाबतीत आमचं बेंगळूरशी काही भांडण नाही) आणि २०१६ ला सरकारनं घड्याळाचा धंदा बंद करायचं ठरवलं. आता जो तो जुनी जनता नाहीतर पायलट शोधतोय, आणि मागणी आली की रंगवलेल्या डायली येणारच. देवनागरी आकड्यांची डायल असली तर विचारूच नका. निपाणीकडून एक "एकदम ओरिजिनल" जनता आली होती, हातात घेऊन बघितली तर खरंच सुंदर. उलट्या लेन्सखाली घेतली आणि पोल खुलली. जनता शब्दाची शिरोरेषा मध्येच जाड मध्येच बारीक, ९ च्या पोटात शाई भरलेली, मिनिटाच्या रेघा चारच्या बाजूला आकड्यापासून सरकलेल्या आणि मधल्या भोकाच्या कडेला रंगाचा ओघळ. जुन्या ओरिजिनल डायलवर डाग असतील, पिवळी पडली असेल, पण अक्षराची कड सुरीनं कापल्यासारखी असते.

आमचे घड्याळवाले मामा हेच आयग्लास लावून एका नजरेत सांगतात, पण ते त्यांना दिसतं, समोरच्याला व्हॉट्सअ‍ॅपवर दाखवणार कसं? फोटो पाठवला की वाद संपतो. मोबाइलच्या मॅक्रोनं पण करून बघितलं, इतकं जवळ जावं लागतं की मोबाइलचीच सावली डायलवर पडते. उलट्या ५० ला घड्याळ आणि लेन्समध्ये निदान हाताची बोटं मावतील एवढी जागा राहते. २८ ला तेवढी पण राहत नाही, म्हणून मी तिच्या वाटेला फारसा जात नाही.

लाइटसाठी खर्च करू नका. पावसाळ्यात आपल्याकडं आभाळ भरलेलं असतं, खिडकीतून जो पांढरा मऊ उजेड येतो तो फुकटचा सॉफ्टबॉक्स, समोरून एक थर्माकोलचा तुकडा लावला की झालं. एचएमटीची काच म्हणजे अ‍ॅक्रिलिक, त्यावरचा प्रत्येक ओरखडा फोटोत नांगरटीसारखा दिसतो, ती आधी पॉलिश करून घ्या. धूळ ब्लोअरनं उडवा, तरी एक केस राहतोच, कुठून येतो देव जाणे.

पण त्याच पावसाळ्याचा तोटा पण आहे. लेन्सचा मागचा भाग, कॉन्टॅक्ट, लिव्हर सगळं उघडं बाहेर, आणि जून ते सप्टेंबर आपल्याकडची हवा म्हणजे, खानापूर-जांबोटीकडच्यांना तर सांगायलाच नको, बुरशी भिंगात शिरली की गेली लेन्स. काम झालं की लगेच सरळ करून झाकण लावा आणि सिलिका जेल टाकलेल्या घट्ट डब्यात ठेवा. उलट्या बाजूला लावायची बीआर-३ नावाची कडी मिळते, तिच्यावर साधा ५२ चा यूव्ही फिल्टर बसतो, ती मिळाली तर घेऊन टाका.

मार्क द्यायचे तर कल्पनेला पाचपैकी पाच, आणि मला आलेल्या रिंगला अडीच, ते पण उद्यमबागेच्या कृपेनं. ऑर्डर करायच्या आधी लेन्सच्या तोंडावर किती एमएम लिहिलंय ते वाचा, सगळ्या लेन्स ५२ च्या नसतात, आणि रिंग आली की पहिल्यांदा हलक्या हातानं उलटी फिरवून आटा बसतोय का बघा, मगच सुलटी आवळा.