सुपरवायझरांसाठीची दोन दिवसांची कार्यशाळा : जरूर करा, पण मालकांनाही बसवा

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत मशीन शॉपची पाळी सांभाळणाऱ्या प्रत्येकाने ही कार्यशाळा करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. विषय असा, की हाताखालच्या सगळ्यांना एकाच मापाने न मोजता ज्याची जशी तयारी आणि उमेद, तसं त्याच्याशी वागायचं. फी माणशी अडीच हजार, जेवण धरून. शिकवणं अस्सल मराठीत, त्यामुळे मागच्या बाकावरचेही बोलते झाले.

पाया पॉल हर्सी आणि केन ब्लँचर्ड या अमेरिकन जोडीने १९६९ मध्ये मांडलेल्या पद्धतीचा. चार तऱ्हा : नेमकं सांगून करून घेणं, कारण पटवत शिकवणं, विचारून ठरवणं, आणि काम सोपवून बाजूला होणं. एवढं तर कुणालाही कळतं. पण पीस रिजेक्ट झाला की ‘त्याचं लक्षच नसतं’ म्हणून विषय संपतो, तिथे हे लोक दोन प्रश्न विचारायला लावतात. त्याला येत नाही, की त्याला करावंसं वाटत नाही? आणि तेही अख्ख्या माणसाबद्दल नाही, एकेका कामाबद्दल.

आमच्याकडचा आयटीआय झालेला अप्रेंटिस घ्या. जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, मशीनवर लावणं, व्हर्नियरने माप घेणं त्याला झकास जमतं. तिथे मागे उभं राहिलं की उलट बिचकतो. पण इन्सर्ट, म्हणजे हत्याराचं कापणारं टोक, बदलल्यावर ऑफसेट, म्हणजे मापातल्या फरकाचा आकडा, मशीनमध्ये टाकायची वेळ आली की बोट बटणावर अडतं. तिथे आकडा मी सांगायचा, त्याने टाकायचा, आणि पहिला पीस दोघांनी मोजायचा. एकाच पोराशी एकाच पाळीत दोन तऱ्हांनी वागायचं. हे शॉपवर खरंच चालतं.

अडतं ते ‘येतं, पण मन नाही’ या माणसापाशी. यावर त्यांचा उपाय म्हणजे विश्वासात घ्या, सल्ला विचारा. मशीन जुळवून देणाऱ्या आमच्या जुन्या सेटरना मी नव्या फिक्स्चरबद्दल, म्हणजे जॉब धरून ठेवणाऱ्या पकडीबद्दल, विचारलं, “मामा, टेकू कुठं घेऊया?” त्यांनी कास्टिंग हातात फिरवलं, पार्टिंग लाइनवर, म्हणजे साच्याच्या जोडाच्या रेघेवर, अंगठा ओढला. “हितं नको, उंचवटा हाय, प्रत्येक जॉब येगळा बसंल.” अगदी बरोबर सांगितलं. मग म्हणाले, “सल्ला कवाबी इचारा सायेब, पण माझ्या ग्रेडचं कोण बघणार?” कालपरवा लागलेल्या पोरांचा पगार त्यांच्या जवळ येऊन ठेपलाय. हा दगड सुपरवायझरने गोड बोलून हलत नाही. दोन दिवसांत पगार, ग्रेड, रात्रपाळीचा भत्ता यावर अवाक्षर निघालं नाही, आणि माझ्या मते हीच सगळ्यात मोठी उणीव. मन का उडालं हे न शोधता नुसती वागण्याची तऱ्हा बदलली, तर जुनी माणसं ते लगेच ओळखतात.

पुस्तिकेतही गोंधळ आहे. हर्सी यांच्या तक्त्यात तयारीच्या पहिल्या पायरीवरच्या माणसाला काम येत नसतं आणि इच्छा किंवा आत्मविश्वासही नसतो; ब्लँचर्ड यांच्या नंतरच्या तक्त्यात तोच माणूस उत्साहाने भरलेला. दोन्ही तक्ते छापलेत, फरक सांगितलेला नाही. आमच्या टेबलावर त्यावरून चांगलीच जुंपली. शिवाय १९८७ मध्ये रॉबर्ट वेकियो या अभ्यासकाने अमेरिकेतल्या हायस्कूल शिक्षकांवर ही पद्धत तपासली, तेव्हा ती नवख्यांच्या बाबतीत ठीक उतरली, अनुभवींच्या बाबतीत फारशी नाही. माझा शॉपवरचा अनुभव तोच. हे प्रशिक्षकांनी सांगायला हवं होतं.

अप्रेंटिस आणि नवे ऑपरेटर जास्त असलेल्या पाळीला पैसे पहिल्या महिन्यातच वसूल. जुनी माणसं जास्त असतील, तर नाव नोंदवतानाच आयोजकांना सांगा, की दुसऱ्या दिवशी दुपारी मालक किंवा पगाराचं बघणारे साहेब आमच्यासोबत बसतील.