एस्कलेड की नॅव्हिगेटर?

न्यू जर्सीतला माझा मावसभाऊ महिनाभर अडकून बसलाय: कॅडिलॅक एस्कलेड घ्यावी की लिंकन नॅव्हिगेटर? दोन्ही मोठ्या, आलिशान अमेरिकन एसयूव्ही. मी दोन्ही चालवल्यात. जाहिराती बाजूला ठेवून बोलतो.

इंजिन. एस्कलेडमध्ये ६.२ लिटरचं व्ही-८ (म्हणजे आठ सिलिंडरचं), ४२० अश्वशक्ती. नॅव्हिगेटरमध्ये ३.५ लिटरचं, दोन टर्बोंचं (टर्बो म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा) व्ही-६, ४४० अश्वशक्ती. कागदावर लिंकन पुढे, ओव्हरटेक करतानाही ती आधी झेपावते. पण त्या व्ही-८ची खालच्या पट्टीतली गुरगुर टर्बोला कुठून येणार? (हा माझा पक्षपात, मान्य.)

खरा फरक वळणावर कळतो. एस्कलेडच्या वरच्या मॉडेल्समध्ये मॅग्नेटिक राइड मिळतं. डँपरमधल्या, म्हणजे चाकाचे धक्के जिरवणाऱ्या नळीतल्या, तेलात लोहकण असतात; विजेने चुंबकीय क्षेत्र तयार झालं की ते तेल क्षणात घट्ट होतं. त्यामुळे एवढं अडीच टनांहून जास्तीचं धूड वळणावर फारसं कलत नाही. नॅव्हिगेटर निवांत तरंगते. मागे बसलेल्याला झोप लागते, चालवणाऱ्याला थोडा कंटाळा येतो.

आतून? २०२५च्या एस्कलेडमध्ये डॅशबोर्डवर ५५ इंचांचा पडदा, नॅव्हिगेटरमध्ये ४८. रात्री मला दोन्ही जास्तच वाटले. सीट मात्र लिंकनच्या सरस.

पेट्रोलचं विचारूच नका, शहरात दोघी सारख्याच खादाड.

स्वतः चालवायची हौस असेल तर एस्कलेड. आईवडिलांना घेऊन लांबचे प्रवास करायचे असतील तर नॅव्हिगेटर. भावाला मी नॅव्हिगेटरच सांगितली. मावशीची कंबर दुखते.