एअरसेन्स १० ऑटोसेट: मशीन चांगलंच आहे, पण सवय होणं मास्क, प्रेशर आणि पाण्यावर अवलंबून

रेसमेड कंपनीचं एअरसेन्स १० ऑटोसेट हे सीपॅप मशीन, म्हणजे झोपेत श्वास अडू नये म्हणून नळी आणि मास्कमधून दाबाने हवा देणारं यंत्र, २०१४ मध्ये आलं. २०२१ मध्ये त्याचं पुढचं मॉडेल, एअरसेन्स ११, निघालं. तरी १० अजून अनेकांच्या उशाशी आहे. यंत्र म्हणून त्याच्यात नावं ठेवण्यासारखं फार थोडं आहे. आवाज पंख्याखाली ऐकूसुद्धा येत नाही, बटणं मोजकी आहेत, पाण्याचा टब मशीनच्याच पोटात बसतो. असं असूनही हे मशीन आणलेली बरीच माणसं महिन्याभरात ते कपाटात ठेवून देतात, आणि मोटर बिघडल्यामुळे असं क्वचितच होतं. मास्क चुकीचा दिलेला असतो, सुरुवातीचं प्रेशर फार कमी ठेवलेलं असतं किंवा ह्युमिडिफायर (हवेला ओलावा देणारा भाग) घरातल्या हवेप्रमाणे लावलेला नसतो. या तीन गोष्टी नीट लागल्या तर हे मशीन पैसे वसूल करून देतं. नाही लागल्या, तर याहून महागडं मशीनही उपयोगाचं नाही.

आधी प्रेशर. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट बंद होते, आणि मशीनची हवा ती वाट उघडी धरते. हे मशीन ४ ते २० सेंटिमीटर पाणी (हवेचा दाब मोजायचं एकक, प्रेशरचे पुढचे आकडे यातच आहेत) इतकं प्रेशर देऊ शकतं. 'ऑटोसेट'मध्ये डॉक्टरांनी ठरवलेल्या दोन हद्दींच्या आत ते स्वतः प्रेशर कमी-जास्त करतं. घोळ असा होतो की कारखान्यातून येतं तसं, थेट ४ ते २० वरच, मशीन घरी सोपवलं जातं. ४ वर बऱ्याच मोठ्या माणसांना हवा पुरत नाही. मास्क लावून दोन मिनिटं झाली की गुदमरल्यासारखं होतं आणि माणूस मास्क ओढून काढतो. हे 'घाबरणं' नाही, हवा खरोखर कमी पडते. दुसरं असं की ज्याला ९-१० ची गरज आहे त्याच्या बाबतीत मशीनला ४ पासून वर चढावं लागतं, आणि तेवढ्यात श्वास अडकून झोपमोड झालेलीही असते. एक-दोन आठवड्यांची नोंद जमली की रिपोर्टमध्ये ९५ टक्के वेळ प्रेशर किती किंवा त्याखाली होतं तो आकडा मिळतो. तो दाखवून डॉक्टरांकडून खालची आणि वरची हद्द आवळून घ्या. हे बदल डॉक्टरांच्या मेनूतले आहेत, तिथे आपण हात घालू नये. पण हद्द बदलून मागायला संकोच करू नका.

श्वास सोडताना हवा अंगावर आल्यासारखी वाटते, त्यावर ईपीआर ही सोय आहे. श्वास सोडताना प्रेशर १, २ किंवा ३ ने उतरतं. मात्र मशीन ४ च्या खाली कधीच जात नाही. म्हणजे खालची हद्द ४ असेल तर ईपीआर ३ वर लावूनही त्या वेळी काहीच उतरत नाही. पूर्ण ३ ची सवलत हवी असेल तर खालचं प्रेशर निदान ७ असावं लागतं. 'ईपीआर लावून दिलाय' म्हणून सांगितलं जातं आणि तरी फरक का पडत नाही, याचं कारण बहुधा हेच.

रॅम्प म्हणजे झोप लागेपर्यंत प्रेशर कमी ठेवण्याची सोय. ती ५ ते ४५ मिनिटं लावता येते किंवा 'ऑटो'वर ठेवता येते. ऑटोवर मशीन झोप लागल्याचं ओळखून मग प्रेशर वाढवतं. ४५ मिनिटांचा रॅम्प मला पटत नाही. डोळा दहाव्या मिनिटाला लागला तर पुढची पस्तीस मिनिटं उपचार अर्धवटच राहतो. ऑटो ठेवा, आणि रॅम्पची सुरुवातही ४ ऐवजी ५-६ वर करून घ्या.

आता मास्क. सगळ्यात जास्त वेळ इथे घालवावा, कारण सगळ्यात जास्त त्रास इथलाच.

रेसमेडच्या मास्कमध्ये तीन प्रकार नेहमी पुढे येतात. एअरफिट पी१० मध्ये नाकपुड्यांना टेकणाऱ्या दोन मऊ सिलिकॉनच्या उशा असतात. तो सगळ्यात हलका, डोळ्यांसमोर काही येत नाही, चष्मा लावून वाचता येतं, आणि मिशी असलेल्यांना हाच सर्वांत बरा, कारण सील, म्हणजे हवा निसटू न देणारी मास्कची कड, केसांवर बसत नाही. उणी बाजू अशी की प्रेशर जास्त असेल तर नाकपुड्या हुळहुळतात, आणि डोक्यामागचा ताणला जाणारा पट्टा काही महिन्यांत सैल पडतो. एअरफिट एन२० पूर्ण नाक झाकतो. कुशीवर झोपणाऱ्यांना आणि ज्यांना नाकपुडीत काही टेकलेलं सहन होत नाही त्यांना तो मानवतो. चमकी किंवा मोरणी घालत असाल तर ती रात्री काढावी लागेल. नाहीतर सील सुटतं आणि तिथली कातडीही दुखावते. एअरफिट एफ२० नाक आणि तोंड दोन्ही झाकतो.

'तोंड उघडं टाकून झोपता ना, मग एफ२० घ्या' हा सल्ला सर्रास मिळतो. पहिल्याच फटक्यात तो मानू नये. मोठा मास्क म्हणजे चेहऱ्यावर सीलची लांबी जास्त, गळतीच्या जागा जास्त, पट्टे जास्त घट्ट आणि कोंडल्याची भावनाही जास्त. अनेक जण तोंडाने श्वास घेतात ते नाक चोंदलेलं असतं म्हणून. सलाइनने नाक धुणं, ॲलर्जीचं औषध आणि पुरेशी आर्द्रता यांनी नाक मोकळं झालं की तोंड बऱ्याचदा आपोआप मिटतं. नाकाचं हाड वाकडं असेल किंवा नाक कायम बंद असेल, तर मात्र एफ२० लाच पर्याय नाही.

एन२० आणि एफ२० च्या खालच्या पट्ट्यांच्या क्लिपांमध्ये लोहचुंबक आहेत. पेसमेकर, डोक्यातली धातूची क्लिप, कॉक्लिअर इम्प्लांट असं काही शरीरात असेल तर हे चुंबक त्यापासून निदान १५ सेंटिमीटर लांब राहिले पाहिजेत, अशी सूचना कंपनीने नोव्हेंबर २०२३ मध्ये काढली. शेजारी झोपणाऱ्या माणसालाही ती लागू आहे. अशा घरात विना-चुंबक मास्कच मागा.

मास्क दुकानात उभ्या-उभ्या लावून पाहण्यात अर्थ नाही. आडवं झाल्यावर गाल आणि जबडा सरकतात आणि सील बदलतं. तोंड धुऊन, कोरडं करून आडवे व्हा. मशीनचं सुरू-बंद करण्याचं बटण तीन सेकंद दाबून धरलं की 'मास्क फिट' चालू होतं आणि सुमारे तीन मिनिटं वाढीव प्रेशर मिळतं. एन२० किंवा एफ२० असेल तर आधी वरचे पट्टे बसवा, मग खालचे. नंतर कुशन (मास्कचा चेहऱ्याला टेकणारा मऊ भाग) चेहऱ्यापासून किंचित उचलून पुन्हा टेकवा, म्हणजे आतल्या पातळ पाकळीत हवा भरते आणि ती चेहऱ्याचा आकार घेते. सील धरते ती ही पाकळी. पट्टे आवळले की ती चेपते, गळती वाढते, मग आपण आणखी आवळतो, आणि सकाळी नाकाच्या दांडीवर लाल वळ उठलेला असतो. पट्ट्याखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत. डावी कूस, उजवी कूस आणि उताणं, तिन्ही करून पाहा. मास्कच्या पुढच्या बारीक छिद्रांतून येणारी हवा ही गळती नव्हे. सोडलेला श्वास तिथूनच बाहेर जातो, ती छिद्रं कधीही झाकू नका.

मशीनच्या 'माय ऑप्शन्स' मेनूत मास्कचा प्रकारही निवडावा लागतो: पिलोज, नेझल किंवा फुल फेस. मास्क बदलून हे सेटिंग तसंच राहिलं तर गळतीचे आकडे चुकीचे येतात.

रात्री डोक्याला तेल चोपडायची सवय असेल तर ती सकाळवर ढकला. तेल, व्हॅसलीन, बाम हे सिलिकॉनला मारक आहेत, आणि तेलकट केसांवर पट्टाही घसरतो. कुशन रोज कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाळवा. त्वचेचा तेलकटपणा राहिला की आठवड्याभरात सील निसटायला लागतं.

पाण्याच्या टबात ३८० मिली पाणी मावतं. डिस्टिल्ड वॉटरच वापरा. बोअरच्या किंवा नळाच्या जड पाण्याने टबाच्या तळाला पांढरा थर बसतो. बॅटरीत घालायचं म्हणून मिळणारं पाणी श्वासासाठी नाही, ते टाळा. उरलेलं पाणी रोज सकाळी ओतून टाका, त्यातच नवीन पाणी भरत राहू नका. टब आठवड्यातून एकदा एक भाग पांढरं व्हिनेगर आणि दहा भाग पाणी यांत भिजवून धुवा. पावसाळ्यात कोकणपट्टीत आणि मुंबईत ओला टब बंद करून ठेवला की बुरशी हमखास धरते, तेव्हा तो उघडाच वाळवा.

आर्द्रता १ ते ८ अशी लावता येते आणि मूळची ४ असते. हिवाळ्यात नागपूर-अकोल्याकडे किंवा एसीच्या खोलीत ४ वर घसा कोरडा पडेल, तेव्हा एकेक पायरी वाढवा. पण खोली गार आणि आर्द्रता जास्त असली की नळीत वाफेचं पाणी होतं, गुडगुड आवाज येतो आणि पहाटे नाकावर थेंब पडतात. त्यावर पक्का उपाय म्हणजे 'क्लायमेटलाइनएअर' ही गरम होणारी नळी. ती लावली की मशीन ऑटोवर आर्द्रता आणि तापमान स्वतः सांभाळतं. नळीचं तापमान मूळचं २७ अंशांवर असतं. वेगळ्याने घ्यावी लागली तरी एसीत झोपणाऱ्याने या नळीवर पैसे खर्च करावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. तोवर साध्या नळीला कापडी खोळ घाला, आर्द्रता एक-दोन पायऱ्या उतरवा आणि मशीन डोक्याच्या पातळीच्या खाली ठेवा. अगदी जमिनीवर नको, तिथली धूळ मशीन ओढतं.

मशीन खोलीतलीच हवा घेतं, हे विसरू नका. उदबत्ती, धूप, डासांची कॉइल यांचा धूर सरळ नाकात येतो. फिल्टर कंपनी सहा महिन्यांपर्यंत चालवायला सांगते, पण रस्त्यालगतच्या किंवा शेजारी बांधकाम चाललेल्या घरात तो महिन्याभरात काळा पडतो. दर महिन्याला पाहा आणि काळा दिसला की बदला. तो धुऊन परत लावू नये.

सवय लावायची तर सुरुवात रात्री करू नका. पहिले एक-दोन दिवस नुसता मास्क, नळीशिवाय, टीव्ही बघताना किंवा वाचताना अर्धा-एक तास लावा. मग मशीन सुरू करून बसल्या-बसल्या तेवढाच वेळ, मग दुपारच्या झोपेत, आणि मग रात्री. रात्री मास्क निघाला तर जाग येईल तेव्हा परत लावा, सकाळपर्यंत सोडून देऊ नका. ज्यांना कोंडल्यासारखं होतं त्यांनी बसल्या-बसल्याची पायरी आठवडाभर लांबवली तरी चालेल.

पोट फुगणं आणि सकाळी ढेकर येणं ही तक्रार नेहमीची आहे. हवा अन्ननलिकेत जाते. उशाकडची बाजू थोडी उंच करून, कुशीवर झोपून, ईपीआर वाढवून बहुतेकांचं भागतं. नाही भागलं तर वरची हद्द कमी करता येईल का हे डॉक्टरांना विचारा. सकाळी तोंड वाळवंटासारखं कोरडं असेल तर रात्री तोंडावाटे हवा निसटते आहे. आधी आर्द्रता आणि नाक पाहा, मग हनुवटीचा पट्टा, आणि शेवटी एफ२०.

रोज सकाळी पडद्यावर किती तास वापर झाला, सील ठीक होतं का आणि तासाला किती वेळा श्वास अडला, म्हणजे एएचआय किती, ते दिसतं. ५ च्या खाली असेल तर उत्तम. वर गेला तर प्रेशरकडे वळण्याआधी गळती पाहा. एसडी कार्डावरची सविस्तर नोंद ऑस्कर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडते. या मशीनसाठी गळती मिनिटाला २४ लिटरच्या खाली हवी. नोंदीत 'सेंट्रल' प्रकारचे, म्हणजे वाट उघडी असूनही श्वास थांबल्याचे, प्रसंग जास्त दिसत असतील तर प्रेशर वाढवून उपयोग नसतो, ते डॉक्टरांनाच दाखवा.

मशीनला स्वतःची बॅटरी नाही, आणि वीज वारंवार जाणाऱ्या गावात ही मोठी उणीव आहे. घरच्या इन्व्हर्टरवर ते चालतं. हीटर आणि गरम नळी बंद केली तर वीज बरीच वाचते. ते २४ व्होल्टवर चालत असल्याने गाडीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीला वेगळा कन्व्हर्टर लागतो. वीज गेली तर एफ२० मधला झडपेचा पडदा बाहेरची हवा आत घेऊ देतो. प्रवासाला निघताना टब काढून रिकामा करा. भरल्या टबासह मशीन कलंडलं तर पाणी मोटरमध्ये जातं, आणि ती दुरुस्ती स्वस्तात होत नाही.

घेण्याआधी महिनाभर भाड्याने वापरून पाहा आणि मास्क बसला नाही तर साइज किंवा प्रकार बदलून मिळेल का, हे बिलावर लिहून घ्या. मशीनच्या किमतीत पाचशे-हजार कमी करणाऱ्या दुकानापेक्षा हे लिहून देणारं दुकान बरं. जुनं मशीन घेत असाल तर वापराचे तास आणि आतून धुराचा वास येतो का ते तपासा. फिलिप्सची जुनी मशीनं आतल्या फोममुळे जून २०२१ मध्ये परत मागवली गेली होती, तेव्हा तशी कोणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका. ओझोनने साफ करणारी यंत्रंही नकोत, साबण-पाणी पुरतं. सुटे भाग ऑनलाइन मागवताना मॉडेल नीट वाचा. ११ चा टब आणि गरम नळी १० ला बसत नाही.