करारात ‘दक्षिण बाजू’ लिहून घ्या : एल्ब्रुस मोहिमेतली फसवणूक

एल्ब्रुससाठी पगारातून पैसे बाजूला टाकणाऱ्या आणि सुट्टीच्या दिवशी पाठीवर वजन घेऊन सिंहगड चढणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावं, म्हणून लिहितोय. आयोजकाने आमच्याकडून पैसे घेतले डोंगराच्या एका बाजूचे आणि नेलं दुसऱ्याच बाजूने. डोंगर तोच असल्यामुळे तक्रार केली की उत्तर मिळतं, “एल्ब्रुसलाच नेलं ना तुम्हाला?”

हे उत्तर किती खोटं आहे ते कळायला आधी डोंगर समजून घ्यावा लागेल. रशियाच्या कॉकेशस भागातला एल्ब्रुस हा सुप्त ज्वालामुखी. वरून खालपर्यंत बर्फाने झाकलेला, अंगावर वीसहून जास्त हिमनद्या. शिखरं दोन : पश्चिमेचं ५६४२ मीटर आणि पूर्वेचं ५६२१ मीटर. युरोपातलं सर्वोच्च म्हणतात ते पश्चिमेचं. दक्षिणेकडून, म्हणजे बक्सान खोऱ्यातल्या अझाऊ गावातून, केबलकार ३८०० मीटरच्या वर नेऊन सोडते. तिथे राहायला पक्क्या हट्स आहेत आणि पहाटे रॅट्रॅक, म्हणजे पट्ट्यांवर चालणारी बर्फगाडी, पास्तुखोव खडकांपर्यंत पोहोचवते.

उत्तरेला केबलकार नाही, बाकी सोयीही फारच कमी. किस्लोवोद्स्कहून कच्च्या रस्त्याने एमॅन्युएल कुरणापर्यंत गाडी जाते. ते कुरण साधारण २५०० मीटरवर. पुढे तंबू, दोर, धान्य, गॅस सगळं पाठीवर. ३७०० मीटरच्या आसपास दगडगोट्यांच्या मोरेनवर कॅम्प लागतो आणि त्याच्या डोक्यावर लगेच भेगांची हिमनदी सुरू होते. ही वाट लेन्झ खडकांवरून बहुतेक वेळा पूर्व शिखराला जाते. १८२९ मध्ये रशियन जनरल एमॅन्युएलच्या मोहिमेतला किलार खाशिरोव याच बाजूने पूर्व शिखरावर पोहोचला होता. वाट सुंदर आहे, मानाचीही आहे. पण ती वेगळी तयारी मागते, आणि आम्ही तिचे पैसे भरलेच नव्हते.

आमच्या जाहिरातीत केबलकार, हट, रॅट्रॅक, पश्चिम शिखर आणि हवामानासाठी एक राखीव दिवस असं सगळं ठळक होतं. करारात मात्र फक्त ‘एल्ब्रुस मोहीम, अनुभवी गाइडसह’. विचारल्यावर फोनवर सांगितलं, “साउथच हो, सगळे तिकडूनच जातात.” मिनरल्नी वोदीच्या विमानतळावर उतरलो तेव्हा आयोजकाचा माणूस म्हणाला, केबलकार बंद आहे, उत्तरेने जायचंय. परत येताना किस्लोवोद्स्कमध्ये दक्षिणेकडून आलेला एक गट भेटला. ते त्याच आठवड्यात केबलकारने वर गेले होते. हटचं भाडं, केबलकारची तिकिटं आणि रॅट्रॅकचा खर्च आयोजकाच्या खिशात राहिला, एवढाच त्या ‘बंद’चा अर्थ.

कुरणावर पोहोचल्यावर भाड्याचं सामान वाटलं. माझ्या सोबत्याच्या बुटाला टाचेमागे खाच नव्हती आणि त्याच्या हातात दिले ते टाचेला लिव्हरने अडकणारे क्रॅम्पॉन, म्हणजे बर्फावर पकड मिळावी म्हणून बुटाखाली लावायचे लोखंडी दात. लिव्हर दाबली की सुटायची. गाइडने त्यावर नायलॉनची पट्टी गुंडाळली आणि “चलेल” अशी खूण केली. भेगांच्या हिमनदीवर अशा क्रॅम्पॉनवर माणूस नेणं हा गुन्हा आहे, मला दुसरा शब्द सापडत नाही. दोराला अडकून राहायला कमरेला बांधायचे हार्नेस सगळ्यांना पुरले नाहीत. सामान वर न्यायला पोर्टर हवा तर रोख रुबल द्या म्हणाले. पोर्टर पॅकेजमध्ये होता. मार्च २०२२ पासून आपली व्हिसा आणि मास्टरकार्डची कार्डं रशियात चालत नाहीत, हे आयोजकाला माहीत असणारच. ज्याच्याजवळ रोख होती त्याने सगळ्यांचं भागवलं.

नद्यांबद्दलही कुणी सांगितलं नव्हतं. बक्सान आणि मल्का तेरेकमार्गे कॅस्पियनला जातात, कुबान अझोव समुद्राला. तिघींना एल्ब्रुसचं वितळलेलं बर्फ मिळतं. त्यामुळे उत्तरेच्या ओढ्यांना दिवसाचं वेळापत्रक असतं. पहाटे घोट्याएवढं असलेलं पाणी ऊन चढलं की फुगतं. राखाडी, दुधाळ पाणी, तळ दिसत नाही, आत दगड गडगडत असल्याचा आवाज पायाला जाणवतो. आम्हाला सामानाच्या घोळात उशीर झाला आणि वाटेतला असा ओढा भर दुपारी ओलांडायला लावला. जाणता गाइड असता तर त्याने पहाटेपर्यंत थांबवलं असतं.

शिखराच्या रात्री लेन्झ खडकांच्या खालच्या टोकाला, ४६०० मीटरच्या सुमाराला, पश्चिमेकडून ढग आला आणि पुढच्या माणसाची पाठ दिसेना. आम्ही मागे फिरलो, आणि तेच बरोबर होतं. २३ सप्टेंबर २०२१ रोजी याच डोंगरावर ५००० मीटरच्या वर वादळात सापडलेल्या गटातली पाच माणसं गेली. पण अशा वेळेसाठीच राखीव दिवस असतो. आमचा राखीव दिवस कागदावर होता तो परतीच्या विमानाच्या तारखेला! दुसऱ्या दिवशी आकाश स्वच्छ होतं आणि आम्ही तंबू गुंडाळत होतो.

पुण्यात आल्यावर आयोजकाने सगळ्यांना प्रमाणपत्रं पाठवली. नाव, फोटो आणि खाली ‘५६४२ मीटर यशस्वी चढाई’. मी त्याला लगेच लेखी कळवलं की मी हे स्वीकारत नाही. २०१६ मध्ये पुण्यातल्या एका पोलीस दांपत्याने एव्हरेस्टचे बनावट फोटो दाखवले, नेपाळने त्यांच्यावर दहा वर्षांची बंदी घातली, नोकरीही गेली. त्यानंतर इथल्या खऱ्या गिर्यारोहकांकडे लोक किती दिवस संशयाने बघत होते ते आपण पाहिलंय. तसला कागद हातात देऊन तोंड बंद करायचा हा प्रकार मला पैशांपेक्षा जास्त लागला.

आता जे जाणार आहेत त्यांनी पैसे भरण्याआधी ईमेलवर विचारा : बाजू कोणती, शिखर कोणतं, शेवटचा मुक्काम किती मीटरवर, रॅट्रॅक कुठपर्यंत आणि त्याचे पैसे कोण देणार, एका गाइडमागे किती माणसं, राखीव दिवसाची तारीख काय. ‘साउथच हो’ हे फोनवर चालत नाही, ते करारात हवं. बूट आणि क्रॅम्पॉन एकमेकांना बसवून इथेच बघा, जमलं तर स्वतःचेच न्या. ‘समिटची गॅरंटी’ म्हणणाऱ्याकडे जाऊच नका. हवामान कुणाच्या हातात नाही.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, मुदत दोन वर्षांची. आमची दाखल झाली आहे. जाहिरातीचे स्क्रीनशॉट, पैसे पाठवल्याच्या पावत्या आणि ते प्रमाणपत्र, तिन्ही जोडली आहेत. अशाच शब्दांच्या करारावर कुणी उत्तरेला नेलं असेल, तर त्यांनीही आपले मेसेज पुसू नयेत आणि मुदतीच्या आत अर्ज करावा.